बाबांनी आवळलेला नट

पार्किंगच्या फरशीवर आमच्या छोट्या गाडीखाली ऑइलचा पुरीएवढा डाग आहे. बाबा गेले, तरी तो थोडा थोडा पसरतच होता.

गाडीचं ऑइल बाबा कायम स्वतः बदलत. जुनं ऑइल सोडायचा इंजिनाखालचा नट ते असा आवळत, की पुढच्या वेळी तो सोडवताना त्यांनाच पान्याला लोखंडी नळी जोडून जोर लावावा लागे. "गॅरेजवाले नुसता टेकवतात," म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांनी शेवटचं ऑइल बदललं आणि दोन दिवसांत हा डाग दिसला. मी फटकन म्हणाले, "बाबा, गाडी म्हातारी झाली. विकून टाका आता." ते डागाकडे बघत राहिले. "असेल," एवढंच म्हणाले.

आज ऑइल बदलायला मीच गाडीखाली शिरले. ती नळीही जवळ घेतली होती. पाना लावला, तर नट बाटलीच्या झाकणासारखा अलगद फिरला.

त्यांच्या चालण्यात, जेवणात मला कधी काही कमी दिसलं नव्हतं. मुठीतला जोर गेला होता, आणि ते फक्त त्यांना आणि या नटाला ठाऊक होतं.

नवं ऑइल भरण्याआधी मी तोच नट दातओठ खाऊन आवळला. आता थेंबही गळत नाही.

गाडीला काहीच झालेलं नव्हतं.