वेगळा माठ

लेआबाई तळकर नौपाड्यातल्या मुलींच्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या. वाडवडील कोकणातले तेलाचे घाणेवाले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी. आडनावावरून मुलींना ते कळायचं नाही आणि बाईही सांगायच्या नाहीत. महायुद्धाच्या काळात व्हिएन्नाहून जीव घेऊन पळालेली एक डॉक्टरीण मुंबईत त्यांच्या आत्याकडे राहिली होती. तिच्या तोंडून तिथल्या यहुद्यांचं सगळं ऐकलं तेव्हापासून बाईंच्या मनात भीतीने घर केलं होतं.

१९५० साली सातवीला त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं.

"नाझींनी आधी यहुद्यांना नोकऱ्यांवरून काढलं. दुकानांवर बहिष्कार घातला. मग बागेतले बाक वेगळे केले, पोरांना शाळा बंद केली. नावं निराळी लिहून घेतली. शेवटी गाड्यांत कोंबून नेलं आणि मारलं. एकूण साठेक लाख माणसं गेली."

जयाने विचारलं, "बाई, शेजारी काय करत होते?"

"बरेचसे गप्प होते."

त्याच आठवड्यात हेडमास्तर महिपतरावांनी बोलावलं. "पालकांची कुरकुर आहे. सातवीतल्या निर्वासित सिंधी मुलींची नावं लिहून द्या. त्यांचा माठ वेगळा ठेवू, बाकही मागे. हाकलत थोडंच आहोत कुणाला?"

घरी म्हातारी आई, मिळवतं दुसरं कुणी नाही. नाही म्हटलं आणि उद्या हे म्हणाले, तुम्ही तरी कोण? तरी त्या पुटपुटल्या, "मला नाही जमणार."

"राहू द्या. दुसरं कुणी करेल."

आणि केलंच. सोमवारी व्हरांड्याच्या टोकाला दुसरा माठ आला. मधल्या सुट्टीत मोहिनी आणि इतर तिघी सिंधी मुली खाली मान घालून तिकडे निघाल्या. बाई उठल्या. सगळ्या शाळेचे डोळे पाठीला टोचत होते. त्या माठातलं पाणी त्या प्यायल्या. पुढे रोज प्यायल्या, आणि रोज तितक्याच घाबरल्या.

आठव्या दिवशी जया मागोमाग आली. मग तिच्या मैत्रिणी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माठ दिसला नाही.

पुढच्या जूनमध्ये मात्र बाईंचा इतिहास काढून घेतला, शिवणकाम दिलं. कारण विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. सातवीच्या वर्गावरून जाताना त्या पावलं मंद करायच्या आणि नवे मास्तर पुस्तकातल्या यहुद्यांच्या पानांवर आले की काय सांगतात, ते दाराआडून जीव मुठीत धरून ऐकायच्या. मास्तरांनी ती पानं दोन मिनिटांत उरकली.