अंगठ्याने खेळणाऱ्या मेट्रनबाई

मेट्रनबाई कॅरम अंगठ्याने खेळत. आम्ही बाकीच्या पोरी एका फटक्यासाठी खुर्ची सरकवायचो, कोपर उचलायचो, मान वाकडी करून एक डोळा मिटायचो. बाईंचं तसलं काही नाही. पंजा स्ट्रायकरमागे टेकला की तो जागचा हलायचा नाही. मागे ओढला जायचा तो फक्त अंगठा, आणि टक्कन आवाज होऊन सोंगटी पॉकेटात. पहिलं बोट मात्र सगळा वेळ ताठ, समोर बसलेलीवर रोखलेलं. ते वाकतच नव्हतं. पण हे कळेपर्यंत प्रत्येक नव्या पोरीला वाटायचं, बाई आपल्यावर कसला तरी आळ घेताहेत. बहुतेक वेळा घेतच असायच्या.

ही साठच्या दशकातली गोष्ट. तेल्हाऱ्याहून मी अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला आले होते. आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागून फार वर्षं झाली नव्हती, आणि निघताना आईने बजावलं होतं, "तिथं कोनी पान्याले शिवू देलं नाई तं भांडू नको, सिधी परत ये." पहिल्याच दिवशी होस्टेलच्या माठाजवळ मी थबकले ते बाईंनी पाहिलं. "काहून थांबली व? इथं जात एकच हाय, बेडपॅनवाली. पे पानी अन् चाल वार्डात." इतक्या उर्मटपणे मला कुणी पाणी पाजलं नव्हतं, आणि इतक्या सहजपणेही नाही. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पोरींना त्या गावाच्या नावाने हाका मारत. मी 'तेल्हारा', माझ्या खोलीतली 'मूर्तिजापूर'. डॉक्टरांशी मात्र पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या.

संध्याकाळी ड्यूटी सुटली की व्हरांड्यात बोर्ड मांडला जायचा. हरणारीच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी जनरल वॉर्डातले सगळे बेडपॅन. बाई जिंकायच्याच, पण खेळ लवकर संपवायच्या नाहीत. शेवटची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवायच्या आणि समोरचीला खुशाल खेळू द्यायच्या. ती बिचारी घामाघूम होऊन एकेक सोंगटी घ्यायची. आपण जिंकतोय असं वाटून तिचा चेहरा उजळला, की बाईंचा अंगठा सुटायचा. एकदा मूर्तिजापूर हुंदके देऊन रडली. बाई पदराने घाम टिपत म्हणाल्या, "आशा लावल्याबिगर मारन्यात मजा नाई, पोरी." एवढी दुष्ट बाई अख्ख्या वऱ्हाडात नसेल, असं मी सुटीत घरी सांगितलं होतं. आजही ते मत फारसं बदललेलं नाही.

बोर्डाला बोरिक पावडर लागायची, आणि दवाखान्यात तिला काय तोटा! एकदा ती आणायला मला पाठवलं. ड्रेसिंगच्या खोलीत दोन सारखेच डबे होते. मी उचलला तो प्लास्टरचा निघाला, मोडलेल्या हातापायांना बांधतात त्या प्लास्टरचा. पांढरी ती पांढरी. अकोल्याचा उन्हाळा, सगळ्यांचे हात घामेजलेले, त्यात बोर्ड नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला. पाहता पाहता स्ट्रायकर जागीच रुतला, आणि राणीचं तर फ्रॅक्चर बांधल्यासारखं झालं. पोरी फिदीफिदी हसल्या. बाई हसल्या नाहीत. माझ्या हातात ब्लेड देऊन म्हणाल्या, "खरडून काढ. बोर्डाले ओरखडा पडला तं तसाच तुह्या गालावर वढीन."

मी खरडत बसले. नखं सोलवटली, पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही, कारण डोकं संतापाने नुसतं भणभणत होतं. बोर्ड साफ झाल्यावर बाईंनी त्यावरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "रडली नाई तू. उद्यापासून माह्यापाशी शिकशीन. अंगठ्यानं."

यामागे काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी अमरावतीला आसपासच्या दवाखान्यांतल्या नर्सेसचं संमेलन भरायचं आणि त्यात कॅरमची ढाल असायची. आदल्या वर्षी बाई स्वतः खेळायला बसल्या, तेव्हा पंच म्हणून आलेल्या डॉक्टरांनी त्यांना उठवलं. खेळ बोटाचा आहे, अंगठ्याचा नाही, म्हणाले. अमरावतीच्या मेट्रन हसून म्हणाल्या, "बोटच नाही तर ही हौस कशाला?" सगळा हॉल हसला. बाईंनी मुकाट्याने खुर्ची सोडली. या वर्षी पंच बदलले होते आणि अंगठ्याला आपली हरकत नाही असं त्यांनी कळवलं होतं. पण बाईंना आता स्वतः बसायचं नव्हतं. "मी जिंकली तं म्हनतीन, लुळ्या बोटाची दया केली. धडधाकट हाताची पोरगी अंगठ्यानं जिंकली पाह्यजे." एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी हात माझा वापरायचा होता.

रोज खेळाआधी त्या माझं पहिलं बोट बँडेजने मधल्या बोटाला आवळून बांधत. काही महिन्यांनी बँडेज सुटलं, तेव्हा जुन्या सवयीने बोट पुढे यायला लागलं. ते पुढे आलं की बाई त्यावर लोखंडी चिमटा हाणायच्या. "सुई टोचाले काय लागते? अंगठा. बाकीचे बोटं निरे धराले. मंग इथं बोटाचं काय काम?" चिमट्याचा घाव नेमका पेरावर बसायचा. माझा अंगठा तयार होत गेला, मी होस्टेलच्या सगळ्या पोरींना हरवू लागले. आणि बोट? बोर्डाजवळ गेलं की ते आपोआप आत मुडपायचं, काठी पाहिलेल्या कुत्र्यासारखं.

त्यांच्या बोटाला काय झालं होतं ते मी एकदा धीर करून विचारलं. "नवऱ्यानं दाराच्या फटीत धरलं अन् दार लावून घेतलं."

"काहून, बाई?"

"भाजीत मीठ कमी झालतं. का जास्त झालतं, आता ध्यानात नाई. मंग काय, अकोट सोडलं, नर्स झाली. पुढं त्याले लकवा मारला, तवा याच दवाखान्यात आनला व. मीच सुया टोचल्या." एक सोंगटी पॉकेटात पाठवून त्या पुढे म्हणाल्या, "बोथट पाहून पाहून टोचल्या." मला हसू आवरेना, आणि मग त्याही हसल्या. बाईंना हसताना मी तेवढंच पाहिलं.

अमरावतीला मी अंगठ्याने फायनलपर्यंत गेले. बाई भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. फायनलला समोर अमरावतीचीच एक थोराड सिस्टर होती. मी चांगली पुढे होते, राणी घेतली होती, आणि तेवढ्यात त्यांच्या मेट्रननी उठून हरकत घेतली. पंच गडबडले. आपला शब्द गिळून म्हणाले, "मुलीला धडधाकट बोट आहे ना? मग बोटाने खेळू दे." मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, त्या म्हणतील, ऊठ तेल्हारा, चल. तसं म्हटलं असतं तर मी ताठ मानेने उठले असते.

बाई म्हणाल्या, "बोट हाय न तुले? खेळ. ढाल घेऊन ये."

मी बोट पुढे केलं. स्ट्रायकरजवळ गेलं आणि ते आत मुडपलं. डाव्या हाताने सरळ केलं, पुन्हा मुडपलं. हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं कुणी. कसेबसे फटके मारले, ते तिरपे गेले. एक तर स्ट्रायकरच पॉकेटात. समोरची सिस्टर सावकाश एकेक सोंगटी घेत राहिली. तिलाही घाई नव्हती. मी हरले, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या होत्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर मागे पडलं. शेवटी मीच म्हटलं, "चुकलं माह्यं, बाई."

"तुह्यं काय चुकलं?" त्या बाहेरच पाहत होत्या. "माह्यं बोट नवऱ्यानं मोडलं. तुह्यं म्या मोडलं. तो दारू पेलेला तरी होता."

यानंतर बाई मवाळ झाल्या असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. बोर्ड त्यांनी कुठेतरी देऊन टाकला, पण उशिरा येणारीला बेडपॅनची शिक्षा चालू राहिली. माझ्या चादरीची घडी चुकली तर सगळी रांग पुन्हा घालायला लावायच्या. नाडी पाहताना, पट्टी बांधताना माझं बोट नीट चालायचं. त्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या की मात्र ते हळूच आत वळायचं. त्यांना ते दिसायचं. त्या पुढच्या खाटेकडे जायच्या.

पुढे त्यांची बदली झाली. फाटकाशी टांगा उभा होता. पोरी निरोपाला जमल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांना आनंद लपवता येत नव्हता. मला त्यांचा राग होताच, तरी पुढे झाले. मी वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "पाया गिया पडू नको." मग डावा तळहात माझ्यापुढे धरला. "मार टिचकी. बोटानं."

बोट आत मुडपलं.

"मार म्हनून राहिली न मी."

मी मारली. तळहाताला नुसता स्पर्श झाला.

"रोग्याले गोंजारते तशी नको. मार."

मी पुन्हा मारली. मग पुन्हा. बँडेजची गाठ आठवली, चिमटा आठवला, हॉलमधलं ते हसू आठवलं, आणि मी मारतच सुटले. बोटाचं हाड दुखायला लागलं. टांगेवाला लगाम धरून नुसता बघत होता. बाई हात जराही मागे न घेता उभ्या होत्या. माझा श्वास फुलला तेव्हा मी थांबले. त्यांचा तळहात लालबुंद झाला होता आणि त्यावर माझ्या नखाचे वळ होते. बोट सरळ होतं.

"हां," बाई म्हणाल्या, "आता जाऊ दे मले."

त्या टांग्यात चढल्या. टांगा वळेपर्यंत मी पाहत होते. त्यांनी मागे पाहिलं नाही की हातही हलवला नाही. तळहात चांगलाच हुळहुळत असणार.