डाव्या टोकाचा ओरखडा

बसरा मिस्त्री मोटारीच्या मालकाशी आधी कधी बोलत नसत. मालक केवढाही मोठा असो, त्याला ओलांडून ते सरळ बंपरपुढं जाऊन उकिडवे बसत, डोळे मिटत आणि अंगठ्याचं नख ओरखड्यावरून सावकाश फिरवत. एकदा पुढून मागं, एकदा मागून पुढं. मालक मधेच "त्याचं असं झालं" म्हणून सुरू झाला की डावा हात वर करून त्याला थांबवत. म्हणत, "जरा दमानं. आदी हिचं ऐकू द्या, मग तुमचं." एका डॉक्टरांनी बाभळीला गाडी घासली म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रींनी नख उन्हात धरलं आणि विचारलं, "बाभळीला हिरवा रंग कवा दिला?" सांगलीत लोखंडी हिरवं फाटक तेव्हा एकच होतं आणि ते कुणाच्या बंगल्याचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर डॉक्टर दुरुस्तीला नेहमी ड्रायव्हरला पाठवू लागले.

मिस्त्री मूळचे वडूजचे. तिकडं पाऊस पडला तर पडला. म्हणून घरातला एक भाऊ रानात आणि बाकीचे पलटणीत, असा हिशेब. पहिल्या लढाईत हे इराकातल्या बसऱ्याला मोटारींच्या कारखान्यात होते. तिथून त्यांनी तीन विलायती कानशी, हे टोपणनाव आणि दोन इंग्रजी शब्द आणले: 'राइट' आणि 'नॉट राइट'. तिसरा शब्द त्यांना कधी लागला नाही. भाकरी, सरकार, जावई, कानशीची धार, सगळं या दोहोंत बसायचं. स्वतःच्या कामावरून नख फिरवून 'नॉट राइट' म्हणाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग मालक दारात ताटकळत असला तरी असो.

माझी त्यांची ओळख एका ओरखड्यानंच झाली. मी सांगलीच्या बाजारात बैलगाडीवाल्यांची संघटना बांधत होतो. बांधत होतो म्हणजे मुख्यतः पत्रकं काढत होतो. आमच्या चक्रमुद्रण यंत्राच्या रुळावर चरा पडला होता आणि प्रत्येक पत्रकात बरोबर मधोमध एक पांढरी रेघ उठे. जुलमाचा 'जु' एकीकडं आणि 'लूम' एकीकडं. मिरजेच्या रस्त्याला चिंचेखाली मिस्त्रींचं पत्र्याचं छप्पर होतं. तिथं रूळ घेऊन गेलो. उद्या सकाळी पाहिजे, असं ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, "लोखंडाला घाई कळत न्हाई गड्या. तुला कळतीया, तर तू परवा ये." परवा गेलो. रूळ आरशासारखा झाला होता.

मग मी जातच राहिलो. बंपरवरचा खोल ओरखडा ते कसा बुजवतात हे तासन्‌तास बघत बसायचो. आधी कडा कानशीनं उतरवायच्या, मग चर तापवून झाळ, म्हणजे वितळलेलं कथील, भरायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा घासायची, मग पॉलिशचा कागद, मग तेलाचा बोळा. दुसरी लढाई संपून वर्ष झालं तरी मुलाम्याचा माल मिळत नव्हता, म्हणून वरून चंदेरी रंग मारून वेळ भागवत. त्या रंगाचा त्यांना मनापासून राग होता. त्याला ते 'पावडर' म्हणत.

त्यांना वाचता येत नव्हतं. नवं पत्रक निघालं की मी त्यांना वाचून दाखवी. हातातलं काम न थांबवता ते ऐकत आणि संपल्यावर एकच विचारत, "हे कुनी बघितलं?" मी चिडायचो. सावकारशाही कुणी बघावी लागते का, ती दिसतेच, असं काहीबाही सांगायचो. ते मान हलवत. मला वाटे, म्हातारा भितो. मामलेदाराची गाडी, वकिलांची गाडी, सगळ्या याच छपराखाली येतात; याला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही.

आता खऱ्या गोष्टीकडं येतो.

त्या वर्षी सुगीत कुंडलचा ज्ञानू नावाचा गाडीवान गुळाच्या ढेपी घेऊन सांगलीला येत होता. भर दुपारी, तासगावच्या अलीकडं, एका मोटारीनं त्याच्या गाडीला धक्का दिला. चाक मोडलं, गाडी चरात उलटली आणि ज्ञानूची मांडी गाडीच्या साटीखाली चिरडली. मोटार थांबली नाही. ती आप्पासाहेबांची, हे मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवानानं ओळखलं. आप्पासाहेब म्हणजे सांगलीजवळचे मोठे बागाईतदार. ऊस, इंजिन, अंगावर खादी. त्यांनी सांगितलं की बैलगाडी पाणंदीतून एकदम आडवी आली, आम्ही काय करणार? ज्ञानू मिरजेच्या दवाखान्यात पडून आणि उलट हयगयीचा ठपका त्याच्यावरच येणार, असा रंग दिसू लागला.

आमच्या चळवळीतल्या थोर मंडळींकडं गेलो. ते म्हणाले, जरा धीर धर, आप्पासाहेब आपलेच आहेत. आपलेच! सभेला पाहुणे आणायला आम्ही त्यांचीच मोटार मागून आणत होतो. मी त्या मोटारीत बसलेला नव्हतो असं नाही. तेही मला टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी तीच मोटार मिस्त्रींच्या छपराखाली आली. ड्रायव्हर म्हणाला, दगड लागला, दोन दिवसांत साफ पाहिजे. मिस्त्री उकिडवे बसले. बंपरच्या डाव्या टोकावर वीतभर लांब, दोऱ्यासारखा सरळ आणि खोल ओरखडा होता. त्या दिवशी त्यांनी नख तीनदा फिरवलं आणि ड्रायव्हरला फक्त "ठिवून जा" म्हणाले. तो गेल्यावर मला जवळ बोलावलं, माझा अंगठा धरला आणि ओरखड्यावर ठेवला.

"पुडनं मागं न्हे. सरकतंय? आता मागनं पुडं आन. अडतंय. म्हंजे लागलं ते पुडनं मागं घासत गेलंय. बैलगाडी आडवी आली आस्ती तर पोचा पडला आस्ता. हितं पोचा न्हाई. मोटार मागनं आली आन्‌ चाकाची लोखंडी धाव घासून पुडं गेली. गाडीवान आपल्या कडंनं चालला हुता."

मी विचारलं, पंचांपुढं सांगाल? ते म्हणाले, "बगनारा येऊ दे. त्येचं बोट असंच धरून हितं ठिवीन." एवढं बोलून ते चहा करायला गेले.

आता बघणारा यायचा कसा? गाडीवान एका संस्थानचा, रस्ता इंग्रजांच्या सातारा जिल्ह्याचा आणि मोटार सांगली संस्थानात. तासगावच्या फौजदाराला पंधरा मैलांवरची मोटार बघायला संस्थानची लेखी परवानगी हवी. तो कागद साहेबांकडून साहेबांकडं फिरत होता. आठवडा लागेल म्हणाले. इकडं ड्रायव्हर रोज यायचा आणि मिस्त्री त्याला रोज नवी सबब सांगायचे. आज झाळ मिळाली नाही, आज हवा दमट, आज कानशीला धार नाही. मीच ऐकत होतो की! मला कळायला हवं होतं. वीस वर्षांत त्या माणसानं एकदाही धार नसलेली कानस बाळगली नव्हती.

पण पाचव्या दिवशी मी दारातूनच पाहिलं. ड्रायव्हर शेजारी विडी ओढत उभा आहे आणि मिस्त्री बंपरवर वाकून कानस चालवताहेत. लोखंडाचा चुरा खाली पडतो आहे. मी आत गेलो नाही. विचारलं नाही. तिथूनच मागं फिरलो. रस्ताभर माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती आणि खरं सांगायचं तर ती चांगली होत होती, त्याचं मला सुखही वाटत होतं. 'पुरावा कानशीखाली!' हा मथळा. खाली सगळी हकिगत: ओरखडा कुठल्या टोकाला, तो काय सांगतो, तासगावचा फौजदार कशाची वाट पाहतो आहे. आणि शेवटी, 'श्रीमंतांचे पाप घासून काढणारा विकलेला हात, गाडीवान बंधूंनो, ओळखून ठेवा.' दोनशे प्रती काढल्या. रूळ उत्तम चालत होता, एकाही कागदावर रेघ उठली नाही.

सकाळी पत्रकं बाजारात पोचली. नऊ वाजेपर्यंत एक आप्पासाहेबांच्या हातात होतं. दहा वाजता त्यांची माणसं येऊन मोटार ओढून घेऊन गेली. दुपारी मी छपराखाली गेलो तेव्हा मिस्त्री रिकाम्या जागेपुढं बसले होते. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "मी उजवं टोक घासत हुतो रं. त्यो डायवर हलंना, काम दावा म्हनत हुता. डाव्याला हात लावला न्हाई." आवाज चढला नव्हता. मला वाटतं, चढला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

दोन दिवसांनी फौजदार परवानगीचा कागद घेऊन आले. आप्पासाहेबांच्या अंगणात मोटार उभी होती आणि तिला कोल्हापूरहून आणलेला सबंध नवा बंपर होता. जुना कुठं? मोडीत टाकला. सगळं संपल्यातच जमा होतं. तेवढ्यात धुतलेला सदरा घातलेले मिस्त्री कुणी न बोलावता तिथं आले. वकील, मामलेदार, सगळी त्यांची गिऱ्हाइकं खुर्च्यांवर बसलेली. त्यांच्यादेखत त्यांनी ओरखडा होता तसा सांगितला. वीतभर लांब, नखभर खोल, कमी नाही, जास्त नाही. फौजदार लिहून घ्यायला लागले होते.

तेव्हा आप्पासाहेबांच्या वकिलांनी खिशातून माझं पत्रक काढलं आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. मग मिस्त्रींना विचारलं, "हा विकलेला हात आपलाच ना?" मिस्त्रींनी आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाले, "कागदात तसं लिवलंय खरं."

मीही तिथं उभा होतो, तो पुढं झालो. हे मी लिहिलं, हे खोटं आहे, न विचारता लिहिलं, असं सगळ्यांसमोर सांगितलं. वकील हसले. "मग तुमचं खरं कोणतं धरायचं? छापलेलं की बोललेलं?"

फौजदारांनी साक्ष अर्धीच सोडून दौतीचं झाकण लावलं. कागदोपत्री दोष ज्ञानूच्या बैलगाडीचा ठरला. पुढं त्याचा पाय मांडीपासून काढावा लागला.

आप्पासाहेबांवरचा माझा राग आजही तेवढाच आहे. तो कमी करायचं मला कारण दिसत नाही. चिरडलं त्यांनी, पळाले ते, खोटं बोलले ते. पण त्यांना मोकळं सोडणारा कागद माझ्या हातचा होता. हे मी इथं लिहितो, कारण आमच्यातली बरीच पोरं मी तेव्हा लिहीत होतो तसं अजून लिहितात आणि तसं लिहिताना अंगात येणारं बळ मला चांगलं माहीत आहे.

मिस्त्रींकडं मोटारी येणं बंद झालं. मोठ्यांना ते तोंड उघडणारे म्हणून नकोसे झाले आणि गाडीवाले माझं पत्रक वाचून त्यांच्या दारावरून थुंकून जात. दोन्हींकडून वाट बंद. महिन्याभरानं त्यांनी छपराचा पत्रा उतरवला. मी दुरुस्तीचं पत्रक लिहून नेलं होतं. त्यांना वाचून दाखवलं. चांगलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो दुसरा कागद काडू नगंस. पैला वाचनारं येगळं आस्त्यात, दुसरा वाचनारं येगळं." मग मी काय करू, म्हणून विचारलं. ते कानशी गोणपाटात गुंडाळत होते. "कुंडलला जा. त्येच्या म्होरं बस आन्‌ तोंडानं सांग." सर्व्हिस मोटारीच्या टपावर पेटी चढवून ते वडूजला गेले. आता डोळ्यांनी कमी दिसतं आणि गावातल्या मोटा आणि नांगर दुरुस्त करतात, असं कुणीकुणी सांगतं.

मला कुंडलला जायला तीन आठवडे लागले. वाटेत उगीच दोन ठिकाणी सभा घेतल्या.

ज्ञानू ओसरीवर बाजल्यावर बसला होता. शेजारी नवी कुबडी भिंतीला टेकलेली, अजून हाताचा मळ न लागलेली. मी नाव सांगितलं. त्यानं पाणी मागवून मला दिलं. मग म्हणाला, "मिस्त्री यिऊन गेलं. वडूजला जाता जाता उतरलं हुतं. म्हनलं, चूक माझी हाय. पोरगं रोज यिऊन बसत हुतं, पर म्या काय करतुया ते त्येला सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, चूक त्यांची नाही. मी दारातून परत गेलो. एक पाऊल आत टाकून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

ज्ञानूनं मला नीट निरखून पाहिलं. रागावला होता की नाही ते मला कळलं नाही. "दोगं बी चूक आपापली म्हनताय," तो म्हणाला, "आन्‌ पाय माझा गेलाय. नीट सांग बगू, पैल्यापास्नं."

माझ्या पिशवीत कागद होते. मी पिशवी बाजूला ठेवली, त्याच्या बाजल्यापाशी खाली बसलो आणि सांगायला लागलो.