ॲल्युमिनियमला हात लावणारा माणूस

काशीनाथ गजभिये मँचेस्टरच्या बँकेत नेमकं करतात काय, हे त्यांच्या बायकोला, शैलाताईंना, चार वर्षांत कुणाला धड सांगता आलं नाही. आंबेडकर जयंतीला कुणी विचारलंच, तर त्या म्हणत, "धातूचं काहीतरी आहे." खरं सांगितलं असतं तर लोकांनी गजभियेंना वेड्यात काढलं असतं. गजभिये दर बुधवारी ट्रेनने लिव्हरपूलला जात, गोदीतल्या एका गोदामात शिरत, ॲल्युमिनियमच्या विटांवर उजवा हात ठेवत आणि तिथल्या ऑफिसातून बँकेला फोन करत, "ताबा घेतला." झालं काम. पुढच्या ट्रेनने घरी.

त्याचं असं झालं की, १९९० साली बँकेने इस्लामी विभाग काढला. बँकेला काही इस्लामचा उमाळा आला नव्हता, आखातातल्या ठेवींचा आला होता. इस्लामी कायद्यात व्याज हराम, व्यापारातला नफा हलाल. मग साहेबलोकांनी शक्कल लढवली. गिऱ्हाइकाला कर्ज द्यायचंच नाही. ॲल्युमिनियम विकत घ्यायचं, नफा चढवून त्याला उधारीवर विकायचं. ते त्याने लगेच तिसऱ्याला विकून रोख पैसे घ्यायचे. विटा जागच्या हलत नसत, आणि नफा मात्र व्याजाएवढाच निघे, पेनीचाही फरक नाही.

हे शरियतला धरून चाललंय ना, हे बघायला तीन आलिमांचं, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांचं, मंडळ नेमलं होतं. त्यातले दोघे लंडनहून येत, समोशांची तारीफ करत आणि परतीच्या ट्रेनआधी सह्या ठोकून मोकळे होत. तिसरे मौलाना दाऊद मुकादम. मूळचे दापोलीचे, राहायला ब्लॅकबर्नला, पंचाहत्तरी गाठलेले. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "माल कुणी बघितलाय काय?"

कुणीच बघितला नव्हता. जे आपल्या ताब्यात नाही ते विकता येत नाही, मौलानांनी बजावलं. आधी बँकेचा माणूस जाऊन हात लावील, मगच विक्री. बँकेत रिकामा माणूस एकच होता. जुन्या वह्या सांभाळणारे गजभिये, ज्यांचं काम नुकतंच कॉम्प्युटरने खाल्लं होतं. हा मुसलमान नाही, बौद्ध आहे, असं कुणीतरी कुजबुजलं.

"हात लावायला कलमा कशाला लागतो?" मौलाना म्हणाले. "खरं बोलणारा असला म्हणजे झालं."

अशा रीतीने नागपूरच्या इंदोऱ्यातून आलेला एक आंबेडकरवादी माणूस मँचेस्टरमधल्या इस्लामी व्यवहाराचा रखवालदार झाला. गजभियेंनी हे काम मनापासून केलं. किती वाजता पोचलो, कुठल्या खणात हात ठेवला, सगळं दाखल्यावर लिहायचे. थंडीत हातमोजा काढूनच हात लावायचे.

मग १९९४ च्या उन्हाळ्यात सिग्नलवाल्यांचा संप झाला. बुधवारी एकही ट्रेन नाही. गजभिये दोन बस बदलून तीन वाजता गोदामात पोचले, हात ठेवला, फोन केला. पण बँकेने त्यांच्या फोनची वाट न बघता विक्री सकाळी अकरालाच उरकली होती.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखाने बोलावलं. विभागप्रमुख म्हणजे हरीश दामले, वय वर्षं तीस. पोरगा मिल्टन कीन्सला, म्हणजे जिथे प्रत्येक चौक गोल वळसा घालूनच ओलांडावा लागतो अशा गावात वाढलेला, त्यामुळे कुठलीही अडचण वळसा घालून पार करता येते, अशी त्याची श्रद्धा होती.

"अंकल, फक्त टाइम भरायचा. टेन फॉर्टी-फाइव्ह. तुमचा सही, बास."

"मी तीनला पोचलो, हरीश."

"सो? ॲल्युमिनियम तिथेच होती ना! इट्स जस्ट अ टच, अंकल. आणि तुमचा पेन्शनला दोन वर्ष राहिला. उगाच प्रॉब्लेम कशाला?"

धमकी गोड होती, पण धमकीच होती. गजभियेंच्या घराचे हप्ते अजून सरले नव्हते. तरी ते बोलले.

"माझ्या आजोबांचा हात गावच्या विहिरीला लागला, तर विहीर बाटली म्हणून लोक त्यांना मारायचे. आणि आज माझा हात लागल्याशिवाय तुझ्या बँकेला माल विकता येत नाही. आमच्या हाताला आत्ता कुठे किंमत आलीय, बाबा. तो लावला नसताना लावला म्हणून मी लिहिणार नाही."

हरीशने जरा विचार केला. "विहीर म्हणजे वेल ना? पण त्याचा इथे काय संबंध?"

गजभियेंनी दाखल्यावर लिहिलं, तीन वाजून दहा मिनिटं.

पुढच्या बैठकीत दोघे आलिम समोशांत गुंतले होते. मुकादमांनी मात्र दाखला वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. सौदा शरियतमध्ये बसत नाही, त्यांनी निकाल दिला, नफा बँकेने ठेवायचा नाही, दान करायचा. बँकेने एकतीस हजार पौंड मुलांच्या हॉस्पिटलला दिले. पेपरात भलामोठा चेक धरलेल्या हरीशचा हसरा फोटो छापून आला.

"अहो, हाच ना तुमचा साहेब?" शैलाताई म्हणाल्या. "एवढ्या लहान वयात बघा केवढं मोठं मन!"

मोठ्या मनाच्या साहेबाने लगेच ठराव आणला. हात लावणं जुनाट झालं, गोदामाने माल असल्याचा फॅक्स पाठवला की पुरे. लंडनचे दोघे म्हणाले, काळानुसार बदलायला हवं. मुकादम एकटे पडले. दोन तास भांडले आणि शेवटी थकून त्यांनीही सही केली. महिनाभरात गजभियेंच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं. पेन्शन पुरती कापली गेली. खरं बोलणाऱ्याला हाकलायचं आणि त्याच्या खरेपणावर स्वतःचा फोटो काढून घ्यायचा, याला नालायकपणा म्हणतात. दुसरा शब्द मला सुचत नाही.

फेब्रुवारीत मौलानांचा घरी फोन आला. "गजभियेसाहेब, तो फॅक्स दर बुधवारी बरोबर पावणेअकराला येतो. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या मनाला काही ते पटत नाही. येता काय माझ्याबरोबर?"

दोघे लिव्हरपूलला गेले. गोदामाच्या रखवालदाराने गजभियेंना ओळखलं आणि आत सोडलं. चार नंबरचा खण रिकामा होता. फरशी स्वच्छ झाडलेली.

"ते होय? ते तर नोव्हेंबरातच जहाजावर चढलं," रखवालदार म्हणाला. म्हणजे तीन महिने बँक दर बुधवारी ही झाडलेली फरशी विकत घेत होती आणि नफ्याने विकत होती.

असं काही निघालं तर आपण पोट धरून हसू, असं गजभियेंना वाटलं होतं. पण हसू आलं नाही. मौलाना भिंतीला टेकून उभे होते, त्यांना एकदम म्हातारपण आल्यासारखं दिसत होतं.

"तुमची नोकरी माझ्या सहीनं गेली, नाही काय?" त्यांनी विचारलं.

नाही हो, असं म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटलं असतं.

"हो," गजभिये म्हणाले.