उदयसिंहांची मोटार आणि रमाचं स्वयंपाकघर

उदयसिंह भोसेकरांकडे मोटार नव्हती. घेतील अशी लक्षणंही नव्हती. पण मोटारीला जागा हवी हा हट्ट मात्र मोटारीपेक्षा मोठा! नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला खांदा कॉलनीत त्यांनी प्लॉट घेतला. तो असा चिंचोळा, की बघायला आलेला मेहुणा इंद्रजीत म्हणाला, "दाजी, हा प्लॉट आहे की बोळ?"

बँकेतला हेडक्लार्क माणूस, टोमण्यानं थोडाच खचतोय! जागेवर फक्कीच्या रेघा मारायची वेळ आली, तेव्हा पहिली रेघ पडली ती मोटारीची. फाटकापासून पार मागच्या भिंतीपर्यंत, शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून. उरलेल्या जागेत पुढं बैठकीची खोली, मधे जिना, आणि मागं जे काय शिल्लक राहिलं ते स्वयंपाकघर.

त्यांची बायको रमा त्या दोन रेघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "अहो, इथं मी आत आले की पोळपाट बाहेर, आणि पोळपाट आत आला की मी बाहेर!"

"अगं, पण उद्या मोटार आली तर?"

"बाजारात तुरी..." एवढंच म्हणून रमानं म्हण अर्धी सोडली. भांडण मात्र पुरं केलं. पण ऐकतील तर ते उदयसिंह कसले! विटा चढत गेल्या. भिंती छातीपर्यंत आल्या तशी रमाची झोप उडाली. एकदा का स्लॅब पडला, की जन्म त्या फटीत जायचा.

शेवटी तीच म्हणाली, "इंद्रजीतची फियाट आणा. आत नेऊन उभी करा आणि उतरून दाखवा. उतरलात तर मी त्या बोळकांडीत मुकाट स्वयंपाक करीन."

"मापलंय मी टेपनं!" उदयसिंह गरजले. मापलंच होतं. मोटारीची रुंदी आणि दोन्ही बाजूंना चार चार बोटं. दारं बंद ठेवून मापली होती, एवढंच.

रविवारी सकाळी फियाट आली. उदयसिंहांनी मोठ्या ऐटीत ती थेट मागच्या भिंतीपर्यंत नेली. इंजिन बंद केलं. दार उघडलं, ठक्! भिंत. सरकत डाव्या बाजूला गेले, ठक्! कुंपण. खिडकीतून डोकं निघालं, खांदे निघाले, पोट म्हणालं मी नाही येत.

मागं घ्यावी म्हणून वळून बघतात, तर फाटकात विटांची ट्रॉली रिकामी होत होती. मजुरी करणारे जैतू आणि भागी भराभर विटा उतरवत होते. "रस्त्यावर एक वीट राहता कामा नये, सगळ्या फाटकाच्या आत टाका," असं सकाळी त्यांना बजावलं होतं खुद्द उदयसिंहांनीच. त्यांनी हॉर्नवर हॉर्न मारले.

"सायेबांना लई आनंद झालाय," भागी म्हणाली.

"व्हनारच. मोटार हाय ती!" जैतूनं आणखी विटा रचल्या.

इंद्रजीत रस्त्यावर पोट धरून हसत होता. रमा मात्र हसली नाही. ती चहा घेऊन स्वयंपाकघरात शिरली, तिरकी होऊन. छातीएवढ्या भिंतीवरून हात घालून तिनं कप मोटारीच्या खिडकीत धरला. ते इकडं चेपलेले, ती तिकडं. मधे विटांची एक भिंत.

"हालता येत नाही ना?" ती म्हणाली.

"पाठ अवघडली गं. कोपरसुद्धा वळत नाही."

"लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोलीत मी अशीच उभी आहे. स्वतःच्या घरात तरी नको होतं हो तसं." तिला रडायचं नव्हतं, पण रडू आलंच.

उदयसिंहांनी चहाचा घोट घेतला. त्यांनी एकदा स्टिअरिंगकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"जैतू!" ते ओरडले. "विटा राहू दे. आधी इकडं ये आणि स्वयंपाकघराची ही भिंत पाड."

"चुकली का काय, सायेब?"

"भिंत नाही रे, मी चुकलो. पाड."

सिमेंट अजून ओलंच होतं. विटा निघाल्या, दार सताड उघडलं, आणि उदयसिंह मोटारीतून उतरले ते थेट स्वयंपाकघरात.

स्वयंपाकघर पार कुंपणापर्यंत वाढलं. फाटकापाशी जेवढी जागा उरली तिच्यात स्कूटर मावली. वास्तुशांतीची पंगत त्या स्वयंपाकघरातच बसली, तेव्हा इंद्रजीतनं खोडी काढलीच, "दाजी, मोटारीची जागा कुठं गेली हो?"

उदयसिंहांनी पाटावर मांडी आणखी सैल केली. "अरे, तिच्यातच तर बसलोय," ते म्हणाले. "रमा, तूही बैस गं आमच्याबरोबर. जागा आहे."