ब्रेकची पत्रं लिहिणाऱ्या बाई

मला तुरुंगात जाण्यापासून वाचवलं ते मालवणच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी. काय झालं ते नंतर सांगतो. पण हे आधी सांगायलाच हवं, कारण एकदा मी हे सांगायच्या वेळी गप्प बसलो होतो, आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

बाईंचं एक वाक्य होतं. कोणी काहीही सांगायला गेलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, उजव्या हाताचा पंजा पुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "आधी माका दाखय." भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं तरी तेच, आणि मुलाने गणित सुटलं म्हटलं तरी तेच. तुमच्याही ओळखीचं असं एखादं माणूस असेल. अशी माणसं फार त्रास देतात. ती गेल्यावर कळतं की आपलं निम्मं आयुष्य त्यांनी दिलेल्या त्रासावर उभं आहे.

मी जालन्याकडचा. शाळा पाचवीत सुटली. कोल्हापूरच्या एका गॅरेजात मोटारीचं काम शिकलो आणि तिथून घाट उतरून मालवणला आलो. एस. टी.ने सगळे रस्ते घेण्याआधीचे ते दिवस. इथल्या एका शेटच्या तीन सर्व्हिस मोटारी होत्या, गावोगाव उतारू नेणाऱ्या, तिन्ही इंग्लंडहून आलेल्या, तिन्ही म्हाताऱ्या. तेलाच्या दाबावर चालणारे त्यांचे ब्रेक खोलून परत बसवणारा माणूस आसपास नव्हता, म्हणून मला ठेवलं. गावात माझं कोणी नव्हतं. बोली कळायची नाही. समुद्राच्या आवाजाने सुरुवातीला झोप यायची नाही. काही चुकलं तर माझ्या बाजूने बोलायला कोण, ही भीती मी जेवतानासुद्धा बाळगून असायचो.

ब्रेकचे रबरी कप झिजले, की मोटार थांबायची ती नशिबाने. मुंबईच्या एजंटाने कळवलं, हे मॉडेल जुनं, माल आमच्याकडे नाही. थेट कारखान्याला लिहून नंबर नक्की करा, मग आमच्या आयात परवान्यावर मागवून देऊ. कारखाना इंग्लंडात. पत्र इंग्रजीत लिहायला हवं. शेट म्हणाला, "शाळेतल्या बाईकडे जा. ती फाडफाड लिवता."

गेलो. म्हटलं, "बाई, साहेबाला लिहा, ब्रेकचं सामान पाठवा."

"सामान म्हणजे काय रे? माझ्या चुलीकडे सामान आसा, तुझ्या पेटयेत सामान आसा. साहेबान काय पाठवूचा?"

"कप."

"कसलो कप? केवढो? काय करता तो?"

मी हातवारे केले. बाईंनी चष्मा वर सरकवला, पंजा पुढे धरला. "आधी माका दाखय. मगे लिवतंय."

आणि खरोखरच त्या रविवारी सकाळी आल्या. छत्री, काठाचं पातळ, काखेत वही. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला चार खांबांवर माडाच्या झापांचं छप्पर; भिंत एकच, मागची. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले सगळे बघत होते. बाई चाकाशेजारी पाटावर बसल्या. मी पेडल दाबून दाखवलं. पेडलखाली मोठा सिलिंडर, त्यातलं तेल नळीतून चाकापर्यंत जातं, तिथे छोटा सिलिंडर, त्यात हा रबरी कप. तेलाने तो ढकलला की लायनिंगचा खरखरीत पट्टा लावलेले दोन लोखंडी शू फाकतात आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घट्ट धरतात.

"म्हणजे पाय थंय दाबलो, आणि जोर हय इलो. तेलाच्या हातान."

"हो."

"आणि ह्यो कप फाटलो तर?"

"तेल बाहेर. जोर नाही."

"मरतली माणसा." त्या कपाकडे बघत म्हणाल्या. सुपारीएवढा तो काळा कप त्यांनी तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "रुंदी किती?"

"साधारण इंचभर."

"साधारण? कोणाचा साधारण? तुझा की साहेबाचा?" बाई भडकल्या. "साधारण म्हणून तो थयसून काय तरी पाठवतलो आणि तू हय ता ठोकून बसयतलंस!" मला बंदरावर पिटाळलं. होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मापाचा लोखंडी चिमटा आणवला, सिलिंडरचा आतला व्यास तीनदा घ्यायला लावला. कप कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. शेटने मला मोटारीच्या पाटीवरचा नंबर द्यायला सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, "ह्यो नंबर सरकारान दिल्यान ना? साहेबाक तो कसो म्हायत असतलो?" आम्ही इंजिनाच्या बाजूची चिखलाने बुजलेली पितळी पट्टी घासली आणि कारखान्याने घातलेला चॅसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, नंबर मिळाला. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मिस्त्री मी, आणि तो नंबर शोधून काढला इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी.

प्रत्येक पत्राखाली त्या कार्बन घालायच्या. दुसरी प्रत त्यांच्या फायलीत. पाठवण्याआधी ते मराठीत वाचून दाखवायच्या आणि मला उलट सांगायला लावायच्या. चुकलो की, "पाचवीत शाळा सोडलंस ता दिसता," म्हणायच्या. लागायचं. पण दीड-दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की मला ब्रेक आता जास्त कळतात. हात तेच होते. ते काय करतात हे सांगायला मला शब्द मिळाले होते.

उत्तर आलं तेव्हा पोस्टमनने शाळेच्या आवारातच हाळी दिली, "बाईनू, राणीचा पत्र इला!" पाकिटावर राणीचं तिकीट होतं.

"राणयेक काय कळता ब्रेकातला! कारखान्याचा आसा ता," असं म्हणत बाईंनी वर्गातच पाकीट फोडलं.

कपाचा नंबर होता, माप होतं, आणि खाली एक ताकीद: ह्या ब्रेकमध्ये फक्त ब्रेकचंच तेल घालावं, इंजिनाचं तेल घातल्यास रबर फुगून निकामी होईल. बाईंनी ते मला तीनदा म्हणायला लावलं. मग एका पुठ्ठ्यावर ठळक मराठीत लिहून गॅरेजच्या भिंतीवर टांगलं. शेट आला, वाचलं, हसला. "तेल ता तेल. त्येका काय जात आसता?"

ह्या वाक्याची किंमत पुढे भलत्याच कोणी तरी मोजली.

माल आला. कप पातळ कागदात गुंडाळलेले, वर पांढरी पूड. पहिल्या दोन मोटारींना बसवले. पेडलवर नुसता अंगठा टेकवला तरी गाडी धरायची. तिसरी गाडी केली तेव्हा ब्रेकच्या तेलाचा डबा संपला. तिच्या ब्रेकच्या तेलाची टाकी अर्धी राहिली. मी शेटला सांगितलं, ही गाडी हलवायची नाही. बाईंनी एजंटाला इंग्रजीत पत्र लिहिलं: तेल संपलं आहे, ते येईपर्यंत ही गाडी उभी राहील. मालक म्हणून सही शेटची हवी, म्हणून बाई स्वतः त्याच्या दुकानात गेल्या, मी मागे. तो कोणाशी तरी नारळांबद्दल बोलत होता. बाईंनी मराठीत अर्थ वाचून दाखवला. "व्हय व्हय, दी हय," म्हणत त्याने कागद ओढून घेतला आणि सही ठोकली.

मसुऱ्याला भराडीदेवीची जत्रा आली. दुसरी मोटार कुणकेश्वरच्या वाटेवर बंद पडली म्हणून मला तिकडे पाठवलं. मी तिकडे असताना शेटने ड्रायव्हरला तिसरी गाडी बाहेर काढायला लावली. टाकीत काय ओतायला लावलं ते तुम्हाला कळलंच असेल. गाडी दोन दिवस माणसं कोंबून धावली. आधी ब्रेक सुटेनात, चाकं धरून बसायला लागली, ड्रायव्हर तशीच रेटत राहिला. मग जत्रेहून परतताना मसुऱ्याच्या उतारावर पेडल तळाला गेलं. गाडी रस्त्याकडेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, आदळली. पुढच्या बाकावर मासळी विकून तीन मुलं वाढवणारी एक कोळीण बसली होती. तिची मांडी मोडली. पुढे ती चालू लागली, पण डोक्यावर पाटी घेऊन ती पुन्हा कधी चालली नाही.

मला कुणकेश्वरहून आणलं ते थेट पोलिसांच्या कचेरीत. मोटार तपासणारे साहेब आले होते. शेट म्हणाला, "ह्या घाट्यान काय ओतल्यान ता ह्येका म्हायत. आमी काय जाणता?" ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "व्हय." कचेरीत पंधरा-वीस माणसं होती. समोरच्या पायरीवर बसून रोज माझं काम बघणारी माणसं. एकही बोललं नाही. साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी म्हटलं, "पाचवी." त्यांनी ते लिहून घेतलं. तेवढ्यावरच सगळं ठरल्यासारखं वाटलं. घरी आईला कोण कळवेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि बाई आल्या. काखेत फाईल, चेहरा लाल. कचेरीत त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. "साहेब, चाक काढून कप बघितलात का?"

"बाई, तुमचा ह्याच्याशी काय संबंध?"

"पत्रं मी लिहिली आहेत. आधी कप काढा. मग संबंध सांगते."

काढला. कप फुगून बेढब आणि मऊ झाला होता. बाईंनी त्याच्याशेजारी खोक्यातला कोरा कप ठेवला. कारखान्याची ताकीद वाचली. मग कार्बनची प्रत काढली, खाली शेटची सही. "तेल संपलं आहे, गाडी उभी राहील. हे जत्रेच्या आधीचं पत्र. ह्या मुलाने गाडी उभी केली होती. बाहेर कोणी काढली?"

शेट उठला. "माका इंग्रजी खंय येता? काय लिवलला माका काय म्हायत!"

तेव्हा बाईंचं पुस्तकातलं मराठी संपलं. "मगे सही कित्याक केलंस? मराठीत वाचून दाखयलंय, तेव्हा कान खंय ठेयललंस? भितीर पुठ्ठो लावलंय, तो वाचून दात काढलंस! तुझ्या एका सहीत ह्या पोराचो जल्म जायत होतो रे मेल्या!"

शेट परत खाली बसला. कोपऱ्यात ड्रायव्हर रडायला लागला. "शेटनी माका ओतूक सांगल्यानी," तो म्हणाला. "इंजिनाचा तेल."

मी सुटलो. शेटला जी शिक्षा झाली ती सांगण्यासारखी नाही, इतकी किरकोळ. पण शेटचा मेहुणा बाईंच्या शाळेच्या कमिटीवर होता. चैत्रात कमिटी बसली. तक्रार अशी, की बाई रविवारी गॅरेजात जातात आणि परक्या पुरुषाशेजारी चाकाजवळ बसतात. शिक्षिकेला हे शोभत नाही. नोकरीवर ठेवायचं की नाही, ते ठरवायचं होतं. मला बोलावलं.

मी गेलो. पाच जण टेबलामागे, बाई एका बाजूला खुर्चीवर. मला बसायला सांगितलं नाही. मेहुण्याने विचारलं, "बाई गॅरेजात येत, त्या एकट्या येत की बरोबर कोणी असे?"

मी म्हटलं, "एकट्या."

"बरं. जा."

आणि मी गेलो. ऐकताय ना? मी गेलो. गॅरेजला तीन बाजूंनी भिंतच नव्हती, सगळा बाजार बघत असायचा, बाई वहीतून डोकं वर काढत नसायच्या, त्यांनी तिथे बसून तीन गाड्यांतल्या शेकडो माणसांचे जीव मोजून घेतले, यातलं काहीही मी बोललो नाही. विचारलं तेवढंच सांगितलं. मला तेव्हा एस. टी.त काम मिळायचं होतं, त्यासाठी गावातल्या चार मोठ्यांचा चांगला शब्द हवा होता. आणि कचेरीत उभं राहिल्यापासून टेबलामागे बसलेल्या माणसांची मला धास्तीच बसली होती. ही कारणं खरी आहेत. पण ज्या बाईंनी "साधारण" हा शब्द मला कधी खपवू दिला नाही, त्यांच्यापुढे मी अर्धं खरं ठेवून निघून आलो. शेटवर मी आजही संतापतो, कमिटीवर संतापतो, पायरीवर बसणाऱ्या मुक्यांवर संतापतो. पण त्या मुक्यांत मीही जाऊन बसलो होतो.

बाईंना काढलं. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने त्या मुंबईला निघाल्या. मी बंदरावर गेलो, पण पुढे जायचा धीर होईना. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाय ठेवताना त्यांनीच मला पाहिलं आणि खूण करून बोलावलं.

"घाबारलंस," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं.

"रडान काय जाता? घाबारणारो माणूस वायट नसता रे. पण खोटा बोलणाऱ्यांका तो बरो पडता." मग ट्रंकेवरची फाईल काढून माझ्या हातात दिली. "पुढली पत्रा तू लिव. इंग्रजी शीक." पडाव सुटला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बंदरावर कोळणी मासळी निवडत होत्या, त्यांतल्या एकीने मला विचारलं, "कोण रे तुझी ती?" मी फाईल काखेत मारली आणि गावाची वाट धरली.

त्यांचा पत्ता मला कोणी दिला नाही. मुंबईत ज्या ज्या शाळेचं नाव ऐकलं तिथे पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. आता मी एस. टी.च्या मोठ्या कारखान्यात ब्रेकच्या कामावर आहे. परदेशी कारखान्यांना जाणारी पत्रं वाचून त्यातली मापं मीच तपासतो. पण त्याने काही फिटत नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो. ती शाळा अजून आहे, ते टेबलही असेल. मी तिथे जाणार आहे. कमिटीवर जे कोणी असतील त्यांना बसवून, आणि पोरांना, पायरीवरच्या माणसांना दारात बोलावून, त्या दिवशी दिलेलं उत्तर मी पूर्ण करणार आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोणी विचारो न विचारो. बाई, तुम्ही कुठेही असा, एवढं मी करणार.