रेल्वेच्या शिट्टीचं प्रकरण

वहिनीच्या वाढदिवसाला पुस्तक द्यायची अक्कल माझीच. दरवर्षी मी रुमाल देतो, ते कपाटात पडून राहतात आणि सगळे सुखात असतात. यंदा म्हटलं, जरा डोकं चालवावं. 'काळी छत्री' ही रेडिओवरची जुनी रहस्यमालिका म्हणजे वहिनीचा जीव की प्राण; त्या मालिकेची वेबसाइटच ती चालवते. आणि दुकानात नेमकं त्याच मालिकेवरचं जाडजूड, कोरं करकरीत पुस्तक! रंगीत कागदात बांधून, वर फीत लावून मी ते ऐटीत तिच्या हातात ठेवलं.

तिने पानं उलटली. मग पुन्हा मागे गेली.

"भावजी, हे माझं आहे."

"हो, तुझंच. तुलाच दिलंय."

"तसं नाही हो. हे मी लिहिलंय!"

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. काडीचा मुंगीएवढा स्क्रू खाली पडला, तर गिऱ्हाइकाला, मालकाला, सगळ्यांना जागच्या जागी उभं करते आणि तो सापडेपर्यंत कुणाला पाऊल हलवू देत नाही. घरी आली की कानाला हेडफोन लावून वडिलांच्या कॅसेटी ऐकते. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी ही मालिका भरून घेतली होती. रेडिओवाल्यांनी आपल्या टेपा केव्हाच पुसल्या. उरल्या त्या एवढ्याच. ऐकून ऐकून वहिनीने एकेक भाग लिहून वेबसाइटवर ठेवला. दादाचं म्हणणं, "माझं एवढं ऐकलं असतंस तर मीसुद्धा हुशार निघालो असतो."

प्रत्येक पानाच्या तळाशी तिची बारीक ओळ असते : 'इथलं काही घेतलंत तर कुठून घेतलं ते सांगा.' पुस्तकात सगळं आलं होतं, ही ओळ तेवढी राहिली होती.

तिने लेखकाला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"ताई, इंटरनेटवरचं सगळ्यांचंच असतं," लेखक म्हणाले. "आणि छंद वेगळा, संशोधन वेगळं."

"बरं," म्हणून वहिनीने फोन ठेवला. दादाने माझ्याकडे पाहिलं. हे 'बरं' आम्ही दोघंही ओळखतो. त्यानंतर घरात चमचासुद्धा जपून वाजवावा लागतो.

मी वकील सुचवला, वर्तमानपत्र सुचवलं. वहिनीचं लक्षच नव्हतं. ती एका प्रकरणाशी थबकली होती आणि हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. एका भागात हेर मृतदेहापाशी उभा असताना दूरवर रेल्वेची शिट्टी होते, असं तिने लिहिलं होतं. संशोधकांनी त्या शिट्टीवर अख्खं प्रकरण पाडलं होतं.

"परवा नवे हेडफोन लावले तेव्हा कळलं, ती रेल्वे नव्हेच. दुरुस्त करायचं राहून गेलं."

"मग कर की आता."

"आता? आता कुणी त्याला हात लावायचा नाही!"

वाचनालयात लेखकाचं व्याख्यान होतं. वहिनी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. पुस्तकावर सहीसुद्धा घेतली. प्रश्नांची वेळ येताच उठली. "सर, ती शिट्टी जरा समजावून सांगा ना."

सर फुलले. निरोप, एकाकीपण, मृत्यू... गाडी काही फलाट सोडेना.

"पण रेल्वेचीच ना, नक्की?"

"ताई, मूळ ध्वनिमुद्रण मी स्वतः कितीदा ऐकलंय!"

वहिनीने पर्समधून छोटा प्लेअर काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि माइकला लावला. हेराचा घोगरा आवाज आला, "खुनी याच खोलीत आहे." मग शिट्टी. मग शांतता. आणि मग, टेपच्या खरखरीआडून, एक पुसट, वैतागलेला आवाज : "अगं, तीन झाल्या! गॅस बंद कर!"

पाठोपाठ बाईचा आवाज : "तुम्हीच करा की! हात नाहीत का?"

सभागृह खदखदायला लागलं.

"ओरडले ते माझे वडील," वहिनी म्हणाली. "उत्तर दिलं ती माझी आई. शिट्टी आमच्या कुकरची. ही टेप माझ्याशिवाय कुणाकडेच नाही. तुम्ही कुठली ऐकलीत, सर?"

सरांनी रिकामा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. तेवढ्यात वहिनीने माइकवरून वेबसाइटचा पत्ता सांगितला, वर "खालची ओळ वाचा हं," असंही बजावलं. मागच्या रांगांतून भराभर मोबाइल निघाले.

दारात सर आडवे आले. "ताई, पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालतो. मिटवून टाकू."

"बरं," वहिनी म्हणाली.

घरी येताना मलाच दया आली. "वहिनी, बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं गं. तुझ्या आणखी काही चुका त्याच्या पुस्तकात गेल्या असतील, तर सांगून टाक आता. झालं गेलं सोडून दे."

सहीचं पुस्तक तिने नीट पर्समध्ये सरकवलं.

"भावजी, आत्ता कुठे एक शिट्टी झालीय."